हायवेवरची आमची साठांची टपरी

सड्यावरची

मंडळी, मे महिन्यात गावी गेले होते तर काकी मागच्या पडवीत बसून कोयत्याने फळी फोडत होती, न्हाणीच्या चुलीत घालायला. फळीवरचा हिरवा रंग ओळखीचा वाटला म्हणून हातातून काढून घेतली तर आमच्या टपरीची पाटी! 'आंबापोळी फणसपोळी आमसुले आवळासुपारी' असं होतं त्यावर, त्यातलं 'सुपारी' एवढंच राहिलेलं, बाकीचं पाणी तापवण्यात गेलं. मी काही बोलले नाही, काकीच म्हणाली, आता लावायची कुठे ती. खरंय तिचं. तुकडा पुण्याला घेऊन आलेय, आणि तेव्हापासून डोक्यात एकच चाललंय की हे सगळं लिहून ठेवायला हवं, कारण आमच्याकडे हिशोबाच्या वह्यासुद्धा कुणी जपल्या नाहीत, जे काही आहे ते आजीच्या आणि काकीच्या तोंडी.

तर टपरी होती मुंबई-गोवा हायवेवर, बावनदी आणि निवळीच्या मधे, वळण संपल्यावर दोन मोठे आंबे होते त्यांच्या सावलीत. आधी पत्रा, मग कौलं, मग परत पत्रा. समोर दोन बरण्या, एक काचेची पेटी आणि बाजूला आमसुलांचं पोतं. ज्यांनी लाल डब्यातून रात्रीचे प्रवास केलेत त्यातल्या कुणाला आठवत असेल तर नक्की सांगा.

सुरुवात झाली ती गिरणी संपामुळे. आजोबा मुंबईत गिरणीत होते, परळला एका खोलीत गावचेच दहा-बारा जण, सणाला आणि मे महिन्यात घरी. महिन्याला मनीऑर्डर यायची त्यावर घर चालायचं. साठ (आमच्याकडे आंबापोळीला साठ म्हणतात) तेव्हा विकायची वस्तूच नव्हती, ते घरी घालायचं आणि चाकरमानी परत निघाले की त्यांच्या ट्रंकेत द्यायचं, सोबत आमसुलं, कुळीथ, तांदूळ. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. दोन-तीन मनीऑर्डरी आल्या त्या उधारीच्या पैशातून आणि मग बंदच. त्या मे महिन्यात माझी पणजी, म्हणजे आजोबांची आई, घरात ट्रंकेसाठी घातलेली साठं रोवळीत भरून एसटीच्या थांब्यावर जाऊन बसली. गावात कुजबुज झाली, चांगल्या घरातली बाई रस्त्यावर विकायला बसते म्हणून. तिने तोंडावर पदर ओढून घेतला आणि बसली. आजी सांगते की पहिल्या दिवशी दोनच तुकडे गेले आणि ते पण एका ड्रायव्हरने घेतले, आणि दुसऱ्या दिवशी त्याच ड्रायव्हरने गाडी थांबवून सगळ्यांना सांगितलं, उतरा, पाच मिनिटं आहेत, आंबापोळी घ्या.

आजोबा वर्षभर मुंबईतच थांबले, आज मिटेल उद्या मिटेल करत. गिरणी काही त्यांच्यासाठी परत उघडली नाही. ते आले ते खोक्यांच्या फळ्या घेऊनच आले आणि आंब्याखाली टपरी उभी केली. म्हणजे टपरी आजोबांची असं सगळे म्हणतात पण धंदा आधीच उभा होता, त्यांनी त्याला छप्पर घातलं एवढंच. हे मी मुद्दाम लिहितेय, पाटीवर कुणाचंच नाव नव्हतं ते बरंच झालं.

बाकीचं हळूहळू लिहीन. आधी तुमच्या आठवणी येऊ देत.

एसटीचा_पास

ताई, आठवते म्हणजे काय! मी लांज्याचा, शिक्षणाला मुंबईत, ८८ ते ९४ सालात किती वेळा गेलो असेन त्या रस्त्याने. रात्रीची गाडी पहाटे तिथे यायची, अंधारात कंदील लागलेला असायचा आणि एक म्हातारी बाई पेटीच्या मागे मांडी घालून बसलेली. बहुतेक तुमची पणजीच. मी घेतलेलं साठ काळपट असायचं, मला वाटायचं शिळं देतात, घरी तक्रार केली तर आई म्हणाली अरे काळं आहे म्हणजे साखर नि रंग न घालता केलंय, पिवळंधमक दिसलं तर घेऊ नकोस. ते आजपर्यंत लक्षात आहे. एक विचारायचं होतं, तुमच्या साठाला एक वेगळाच वास यायचा, बडीशेप म्हणू की काय, तो कशाचा? घालायचात काही त्यात?

बरका_कापा

वाह, मस्त धागा. फणसपोळीबद्दल पण लिहा प्लीज, तिला कुणी विचारत नाही. आमच्याकडे बरका फणस निघाला की मुलं पण तोंड फिरवतात, कापा हवा सगळ्यांना. पण पोळी होते ती बरक्याचीच, कापा फणसाचे गरे तळायचे. बरक्याचा रस रोवळीवर चोळून काढायला हाताला तेल लावून बसावं लागतं नाहीतर चिकाने बोटं चिकटतात, आई अर्धा दिवस त्यातच असायची.

सड्यावरची

@एसटीचा_पास दादा, हे वाचून अंगावर काटा आला. हो, ती पणजीच. ती ९३ पर्यंत बसत होती, नंतर नजर गेली. आणि वास तुमच्या लक्षात आहे हे काकीला फोन करून सांगितलं मी, तिला खरंच वाटेना.

तो वास झाडाचा. आमच्या घरामागे रायवळ आंब्याचं एक झाड आहे त्याचं नाव शेप्या, फळ लहान, गोटीपेक्षा थोडं मोठं, पिकलं तरी साल हिरवीच, आणि चोखायला घेतलं की शेपूसारखा वास. नुसतं खायला पाहुणे नको म्हणतात पण आटल्यावर तो वास असा काही उतरतो की बस. टपरीवरचे दोन आंबे वेगळे, एक खोबऱ्या (धागा फार, गोडी कमी, पण पोळी घट्ट येते) आणि एक शेंदऱ्या, त्याचं साठ लालसर व्हायचं. शिवाय सड्यावर (वरच्या कातळाच्या माळावर) जायच्या वाटेवर दोन-तीन बिटक्या, म्हणजे लहान फळाची रायवळ झाडं. ही नावं कुठल्या पुस्तकातली नाहीत, आमच्या वाडीपुरती, पुढच्या वाडीत शेप्या म्हणजे दुसरंच झाड असेल. रायवळ कोयीपासून उगवतो, आईसारखं फळ देईलच असं नाही, म्हणून प्रत्येक झाड म्हणजे एकच एक नमुना. आजी सगळ्यांचा रस एकत्र कधीच करायची नाही. शेप्याचं साठ वेगळ्या थाळ्यात, वेगळ्या गठ्ठ्यात, आणि नेहमीची गिऱ्हाइकं येऊन विचारायची "शेप्या आहे का?" माल संपला असेल तर खोबऱ्याचं न घेता सरळ गाडीत जाऊन बसायचे.

हापूसचं साठ आम्ही कधी घातलं नाही. हापूस घालणाऱ्यांना नावं ठेवत नाही मी, डागी हापूसचं काय करायचं हा प्रश्न असतोच, पण त्याचं साठ मऊ आणि नुसतं गोड, दोन तुकड्यात पुरे होतं. रायवळचं आंबटगोड, दातात धागा येतो, आणि वासावरून झाड ओळखता येतं.

कसं घालतात ते पण लिहितेच. झाडावरचे उतरवायचे नाहीत, पडीचे वेचायचे पहाटे पहाटे, दोन दिवस पेंढ्यात ठेवून सगळे सारखे मऊ झाले की धुऊन पिळायचे. कोय आणि साल पाण्यात कालवून त्याचं सार करायचं, ते साठात जात नाही. रस पंचातून गाळायचा. थाळ्याला तुपाचं बोट फिरवून पहिला हात घालायचा, पातळ, दोसा घालतो तेवढाच, उन्हात ठेवायचा कातळावर, कारण कातळ खालून पण तापतो. वर मलमल. संध्याकाळी आत. दुसऱ्या दिवशी त्याच्यावर दुसरा हात. असे सात-आठ हात झाले की कडा सुटतात, मग उलटवून दोन उन्हं. एक हात जाड पडला तर आतून ओला राहतो आणि गणपतीपर्यंत बुरशी आलीच समजा. आजीचा हात इतका बसलेला की थाळा नुसता हलवून रस सारखा पसरायची, चमचा नाही काही नाही. आणि सगळं मृगाच्या आत उरकलं पाहिजे, ७ जूननंतर आभाळाचा भरवसा नाही. म्हणजे टपरीचा वर्षाचा माल पाच-सहा आठवड्यांत तयार व्हायचा. वर्षभर टपरीवर बसायचे ते फक्त विकायला.

@बरका_कापा, तेलाचं अगदी बरोबर! आमच्याकडे फणसपोळी फक्त काकी घालायची, बाकी कुणाला तो धीर नाही.

ब्रिक्स_अठरा

मी फूड टेक्नॉलॉजीत काम करतो, फळप्रक्रिया हाच विषय. तुमच्या आजींनी जे केलं त्यामागचं गणित सांगावंसं वाटतंय कारण ते फार अचूक आहे. पिकल्या आंब्याच्या रसात शंभर ग्रॅममधे साधारण सोळा ते अठरा ग्रॅम विरघळलेले घन पदार्थ असतात, मुख्यतः साखर. साठात पाणी पंधरा ते वीस टक्क्यांपर्यंत खाली आणावं लागतं, म्हणजे बिनसाखरेच्या एक किलो साठाला साधारण पावणेपाच किलो रस लागतो. रायवळमधे कोय आणि सालच निम्मी, म्हणजे दहा किलोच्या आसपास आंबे. दहा किलो आंबे वेचून, पिळून, आठ दिवस राखून हातात एक किलो माल. आता बाजारात जे स्वस्त मिळतं त्यात साखर का असते हे यावरून कळेल, साखर घातली की रस कमी लागतो आणि वाळतंही लवकर.

काळं पडण्याबद्दल, ते फळातली साखर आणि अमिनो आम्लं यांच्यातल्या क्रियेमुळे होतं, खराब झाल्याची खूण नाही. कारखान्यात पोटॅशियम मेटाबायसल्फाइट घालतात, मर्यादेत घातलं तर कायद्याने चालतं, रंग टिकतो. पण तो शेप्याचा वास त्यात किती टिकेल माहीत नाही, कारण कारखान्यात दहा गावचा रस एका टाकीत जातो. पातळ हात घालण्याचं कारण पण तेच, जाड थराला वरून कातडं धरतं आणि आतलं पाणी अडकतं. थरावर थर ही पद्धत म्हणजे ड्रायरशिवाय एकसारखं वाळवायची युक्ती आहे.

आवाठ

आमच्या हडे पण पोळयेक साटाच म्हणतत, आणि तुमचा रातांबा तो आमचा भिरंड! माझी आये मे म्हयन्यात खळ्यात साटा घाली आणि आमका राखण्येक बसवी, कावळे येवचे नाय म्हणान. आमी राखणदारच कडेन कडेन खाव.

मी कुडाळचा. आमसुलांबद्दल पण बोला कुणीतरी, कारण खरी मेहनत त्यात आहे असं माझं मत. रातांबा म्हणजे कोकमाचं फळ, ते फोडायचं, बिया काढायच्या, सालं वाळवायची, मग बियांभोवतीच्या गरात मीठ घालून जे आगळ सुटतं त्यात ती सालं बुडवायची, परत वाळवायची, परत बुडवायची. चार-पाच वेळा तरी. एकदाच बुडवून विकणारे आहेत, ती आमसुलं पावसात सादळून ओली होतात आणि आमटीत काळी पण पडत नाहीत धड. बियांचं तेल काढायचं, ते थिजलं की त्याचे गोळे, थंडीत टाचांना लावायला. काहीच वाया नाही. २०१६ ला सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला, २०१८ ला हापूसला मिळाला. रायवळला कोण देणार, त्याला एक नावच नाही.

सड्यावरची

आवाठदादा तुमची शेवटची ओळ मी दोनदा वाचली.

पुढचं लिहिते. रस्त्यावरची टपरी म्हणजे रस्त्याला जे होतं ते टपरीला होतं. सुरुवातीची पंधरा वर्षं एसटीवर चालली. ड्रायव्हर-कंडक्टरला साठाचा तुकडा आणि पाणी, त्याचे पैसे नाही घ्यायचे हा आजीचा नियम, आणि ते पण कधी न सांगता थांबायचे. शिमगा, मे महिना आणि गणपती हे तीन हंगाम, त्यात गणपती सगळ्यात मोठा कारण चाकरमानी परत जाताना शेजाऱ्यांना वाटायला न्यायचे. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, घरात आनंद आणि रडारड एकदम. आते मुंबईला दिलेली, ती एका रात्रीत घरी येऊ शकणार म्हणून आनंद. आणि टपरीवर त्या वर्षीच्या गणपतीत पोतंभर माल उरला. रात्रीच्या गाड्या अर्ध्या रिकाम्या जायला लागल्या. बाबा दोन वर्षं रत्नागिरीला एका दुकानात कामाला गेले तेव्हा.

परत जमलं ते सुमो-क्वालिसमुळे. मुंबईवाले स्वतःच्या गाडीने गोव्याला जायला लागले, मधे थांबून कोकम सरबत मागायला लागले. काकीने मग आवळासुपारी वाढवली, आलं-मीठ लावलेली, ती गाडी लागणाऱ्यांना हवी असायची. गाडी लागते म्हणून आवळासुपारी घेणारा परत येताना आंबापोळी घेतो हे तिचं निरीक्षण, आणि ते खरं होतं. अमृत कोकम पण तिनेच सुरू केलं, रातांब्याच्या वाट्यांत साखर भरून बरणीत थर लावायचे आणि उन्हात ठेवायचं, आठ-दहा दिवसांत लाल पाक सुटतो. या सगळ्यात बाबा आणि काका दिवसा आलटून पालटून बसायचे पण माल काय आणि किती हे काकीच ठरवायची.

मग चौपदरीकरण. मोजणी झाली, दगड रोवले, खुणा झाल्या. ज्यांची जमीन सातबाऱ्यावर होती त्यांना मोबदला मिळाला. टपरी रस्त्याच्या कडेला, जागा आमची नाहीच, त्यामुळे मागायचं काय. काका तीन वेळा संबंधित कार्यालयात जाऊन आले, एकदा सांगितलं अर्ज करा, एकदा सांगितलं अर्ज चुकीच्या ठिकाणी केलात, तिसऱ्यांदा तो माणूसच बदललेला. एका सकाळी मशीन आलं. आम्हाला दोन दिवस आधी सांगितलेलं त्यामुळे सामान हलवता आलं. पण खोबऱ्या आणि शेंदऱ्या त्याच दिवशी गेले. काका म्हणतो दुपारी जेवायला घरी आलो आणि परत गेलो तर आभाळच मोठं झालेलं. ते एकच वाक्य तो बोलला आणि पुढे काही सांगत नाही, मी पण विचारत नाही.

नोंदवही

ताई वाचून वाईट वाटलं. थोडी माहिती देतो, कुणाला तरी उपयोगी पडेल. फेरीवाल्यांसाठी २०१४ चा केंद्राचा कायदा आहे, त्यात सर्वेक्षण, प्रमाणपत्र, हटवण्याआधी नोटीस, पर्यायी जागा हे सगळं आहे. पण तो शहरांपुरता, म्हणजे महानगरपालिका, नगरपरिषद, नगरपंचायत अशा ठिकाणी, नगर पथविक्रेता समिती तिथेच असते. ग्रामपंचायत हद्दीत हायवेला टपरी असेल तर त्या कायद्याचा आधार मिळत नाही. अशी किती कुटुंबं त्या रस्त्यावर असतील! त्यामुळे तुमच्या काकांनी अर्ज कुठे करायचा याचं उत्तर समोरच्याकडे पण नसावं.

आता घरून विकत असाल तर अन्नसुरक्षेची नोंदणी मात्र करून घ्या, चौदा आकडी नंबर मिळतो, लहान उत्पादकांसाठी फी अगदी कमी आहे. तो नंबर पाकिटावर असला की पुण्या-मुंबईतले दुकानदार माल ठेवायला तयार होतात.

माणगंगा

मी माणदेशातली, आमच्याकडे आंबा कुठला. पण धागा वाचताना सारखी आजी डोळ्यासमोर येतेय म्हणून लिहिते. आमच्याकडं बोरं. गावठी बोरं वाळवायची पत्र्यावर, पार सुरकुतली की उखळात कुटायची, बिया चाळून टाकायच्या आणि मीठ. बोरकूट. आजी शाळेच्या दाराशी पाटी घेऊन बसायची, बोरकूट, चिंचेच्या गोळ्या, उकडलेली बोरं, कवठ. चिंच-गूळ-जिरं-मीठ कुटून गोळ्या वळायची त्या मीच वळू लागायचे, बोटं फाटायची मिठानं. ती सांगायची ७२ च्या दुष्काळात खडी फोडायला जायचो तेव्हा पदरात बोरकुटाची पुडी असायची, भाकरी संपली तर चिमूट तोंडात टाकायची आणि पाणी प्यायचं. बाभळ आणि बोर या दोनच झाडांनी आमाला तारलं म्हणायची.

तिला कुणी "धंदा कधी सुरू केला" विचारलं असतं तर हसली असती. धंदा नव्हताच तो तिच्या लेखी. ती गेल्यावर पाटी आईनं धान्य पाखडायला घेतली. सड्यावरचीताई, तुम्ही तुकडा आणून ठेवलात ते फार चांगलं केलंत.

एसटीचा_पास

माणगंगा ताई, तुमच्या पोस्टने डोळे भरून आले.

सड्यावरचीताई, मग आता टपरी नाहीच का? मी मागच्या दिवाळीत गाडीने गेलो, बावनदीच्या पुढे काही ओळखीचं दिसेना, सगळा सिमेंटचा रस्ता, थांबायचं म्हटलं तर कुठे थांबायचं कळत नाही.

सड्यावरची

नाहीये दादा. टपरी अशी नाही. काकाने थोडं मागे, आमच्याच वाटेच्या तोंडाशी टेबल लावलं होतं, पण आता गाड्या इतक्या वेगात जातात की टेबल दिसेपर्यंत पुढे गेलेल्या असतात. २०२० मधे लॉकडाऊन लागलं ते नेमकं आंब्याच्या तोंडावर, मुंबईहून कुणी आलंच नाही. तेव्हा एसटीने मालवाहतूक सुरू केली होती मे महिन्यात, त्यातून आम्ही पहिल्यांदा पार्सलं पाठवली, मी इकडे पुण्यात व्हॉट्सॲपवर ऑर्डर घ्यायचे आणि काकी वहीत नाव-पत्ता लिहायची. तिच्या हातची ती एकच वही आमच्याकडे आहे. म्हणजे धंदा चालू आहे, आता घरून. नोंदवही, तुम्ही सांगितलंत ती नोंदणी पण काढलीये तेव्हाच, धन्यवाद.

पण मला खरं जे सांगायचं होतं ते टपरीबद्दल नाहीच बहुतेक, लिहिता लिहिता कळतंय. टपरी काय, लाकूड होतं. पुन्हा उभी करता येईल कुठेतरी, पाटी रंगवता येईल. आंबे कुठून आणायचे? रस्त्याचे दोन गेले. वाटेवरच्या बिटक्या ज्यांच्या जमिनीत होत्या त्यांनी तोडून हापूसची कलमं लावली, त्यांचं पण चूक नाही, रायवळला पेटीचा भाव कोण देतो, आणि जुनं झाड साठ फूट वर जातं, त्यावर चढणारे पण राहिले नाहीत. वाडीत मी मोजले, माझ्या लहानपणी नाव असलेली अकरा झाडं होती, आता चार. शेप्या आहे पण २०२१ च्या मे मधे तौक्ते वादळ आलं त्यात त्याचा अर्धा भाग फाटून गोठ्यावर पडला. उरलेल्यावर एकच मोठी फांदी जिवंत आहे. यंदा शेप्याची फक्त तीन थाळे साठं झाली. पूर्वी चाळीस व्हायची. काकी आता बाजारातून रायवळ आणून घालते, चांगलं होतं साठ, लोक नावाजतात, पण तिला स्वतःला ते आवडत नाही. ती म्हणते कुणाचं आहे तेच कळत नाही.

कोयी रुजवून बघितल्या. दोन जगल्यात, पण फळ यायला आठ-दहा वर्षं आणि तेव्हा ते शेप्या असेल की नाही देव जाणे.

कोयकलम

ताई, आजपर्यंत नुसता वाचत होतो, आता लिहिल्याशिवाय राहवत नाही. माझी रोपवाटिका आहे, वीस वर्षं कलमं बांधतोय, दापोलीच्या विद्यापीठात शिकलो. कोयीपासून शेप्या मिळणार नाही हे तुमचं बरोबर, पण शेप्याची काडी घेऊन कलम केलं तर शंभर टक्के शेप्याच. हापूस जसा पिढ्यानपिढ्या टिकवला तसाच. रायवळचं कलम कुणी करत नाही कारण रायवळ हा खुंट (ज्या रोपावर दुसऱ्या झाडाची काडी बांधतात ते) म्हणूनच वापरायची सवय आहे आपल्याला. करू नये असं कुठे लिहिलंय!

आत्ताच योग्य वेळ आहे. कोय कलमाचा, म्हणजे नुकत्याच रुजलेल्या कोयीच्या रोपावर काडी बांधायचा, हंगाम जून ते ऑगस्ट. माझ्याकडे गादीवाफ्यावर कोयी रुजत टाकल्यात, पंधरा दिवसांची तांबूस पानांची रोपं लागतात, ती होतील. तुमच्याकडून हवी काडी. त्या जिवंत फांदीवरचे शेंडे बघायला सांगा, तीन-चार महिन्यांचे, पेन्सिलीएवढे, डोळा फुगलेला पण फुटलेला नाही असे. कापायच्या आठ-दहा दिवस आधी त्या शेंड्यांची पानं देठ ठेवून कापून टाकायची, म्हणजे डोळा भरतो. मग काड्या सकाळी काढायच्या, ओल्या फडक्यात गुंडाळून वर प्लास्टिक, आणि त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी माझ्याकडे पोचल्या पाहिजेत. झाड म्हातारं आहे त्यामुळे शेंडे बारीक असतील, म्हणून पंचवीसेक तरी आणा. पैसे वगैरे काही नको, दोन कलमं माझ्याकडे ठेवून घेईन.

बरका_कापा

वा वा वा! कोयकलमदादा, आमच्याकडे पण एक आहे हो, साखऱ्या म्हणतात त्याला, गडग्याच्या कडेला. घेणार का?

आवाठ

माका पण होया. भरणीच्या वाटेर एक असा, आजयेच्या टायमाचा.

कोयकलम

घेईन. पण एकदम नको, एका पावसाळ्यात झेपतील तेवढीच. आणि काडीबरोबर झाडाचं नाव, वाडी आणि त्याचं काय करायचात (साठ, लोणचं, सार, चोखायला) ते कागदावर लिहून पाठवा, नाहीतर कलमं वाढली की माझ्याकडेच कुठलं कुठलं ते कळणार नाही.

सड्यावरची

दादा काय बोलू. काल रात्रीच काकीला फोन केला. तिने पहिला प्रश्न विचारला, फळ कधी?

कोयकलम

चार-पाच वर्षांत धरायला हरकत नाही. आधी मोहोर आला तरी खुडायचा, झाडाला ताकद येऊ दे. आणि कलम केलेलं साठ फूट वर जाणार नाही, हाताने काढता येईल असं ठेवता येतं.

सड्यावरची

सांगितलं तिला. चुलतभाऊ आज शेप्यावर चढून बघून आला, पाऊस लागायच्या आधी. शनिवारी पानं कापून घेतो म्हणालाय आणि त्याच्या पुढच्या सोमवारी मी स्वतः जाऊन काड्या घेऊन तुमच्याकडे येते, एसटीवर सोपवत नाही. फक्त एक अडचण आहे, पंचवीस शेंडे नाहीत त्या फांदीवर. तुम्ही म्हणता तसे बारा, फार तर चौदा. चालतील का?

कोयकलम

चालतील. बारा बांधली तर सात-आठ धरतात. येताना छत्री आणा, आमच्याकडे धरून बसलाय चार दिवस.